माती बसेना

१

रविवारी सकाळी छावणीतल्या चर्चची घंटा झाली, की धुवट कपड्यांतले ख्रिस्ती लोक आत जात आणि केशवराव वैजापूरकर हातात पाणसळ घेऊन मागच्या दफनभूमीत शिरत. बायकोच्या कबरीवर माणसं फुलं नेतात. केशवराव पडले गुत्तेदार, बांधकामाचे ठेकेदार. पोलीस अ‍ॅक्शननंतर औरंगाबादेत ज्या सडका झाल्या, ज्या शाळा उठल्या, त्यांतल्या बऱ्याच त्यांच्या हातच्या. फुलं वाहणं हा त्यांना भाबड्या लोकांचा उद्योग वाटे. ते कबरीच्या फरशीवरचा पाचोळा झाडत, पाणसळ आडवी ठेवत, आणि काचेच्या नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध येऊन थांबला की मान हलवत. मग छत्री उघडून शहागंजातल्या आपल्या वखारीकडे चालू लागत. एवढीच त्यांची प्रार्थना. तिला कुणी प्रार्थना म्हटलं असतं, तर मात्र त्या माणसाची धडगत नव्हती.

हसायला त्यांना फार आवडे. विनोदाला नव्हे, माणसांना. जानवं त्यांनी कॉलेजात असतानाच खुंटीला टांगलं होतं. वडिलांच्या श्राद्धाला ते कावळ्यांची पंगत म्हणत. आणि ख्रिस्ती सासऱ्याच्या धर्मात तर त्यांना हसायला इतकं सापडलं की सबंध जन्म पुरावं. दुसरा जन्म ते मानतच नव्हते. मेलेली माणसं हाडामांसासकट कबरीतून उठणार आणि मग कधीच मरणार नाहीत, हे ऐकल्यावर ते पहिल्यांदा हसले तेव्हा त्यांच्या हातातला चहा सांडला होता.

त्या रविवारी उन्हाळा नुकता लागला होता. केशवरावांनी पाणसळ ठेवली आणि बुडबुडा मधे थांबला नाही. तो सावकाश सरकत डोक्याच्या बाजूला, पश्चिमेला गेला आणि तिकडच्या रेघेला चिकटून राहिला, म्हणजे ती बाजू उंच.

केशवरावांनी पाणसळ टोकं बदलून ठेवली. बुडबुडा पुन्हा पश्चिमेलाच गेला. शेजारी कुणा इंग्रज कप्तानाची शंभर वर्षांची जुनी कबर होती, तिच्यावर ठेवून पाहिली. तिथे तो अगदी मधे. पाणसळ खरं बोलत होती.

'पायाकडची माती बसली असेल,' ते मनाशी म्हणाले. धोतर सावरून ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी पायाकडचा सांधा बोटाने चाचपला. चुना जसाच्या तसा होता, केसाएवढीही भेग नाही. मग ते डोक्याकडे गेले. तिथे फरशी आणि विटांचा ओटा यांच्यामध्ये चुना तडकला होता आणि सूतभर फट पडली होती. पायाकडची बाजू खाली गेलीच नव्हती. डोक्याकडची वर आली होती.

माती खाली जाते, वर येत नाही. या एका नियमावर केशवरावांचं घर चाललं होतं. ते बराच वेळ त्या फटीकडे कपाळाला आठ्या घालून पाहत राहिले. बिल चुकीचं करणाऱ्या कारकुनाकडे ते असेच पाहत.

२

सुवार्ता छावणीतल्या दवाखान्यात नर्स होती. तिचा बाप फकिरा मास्तर मिशनच्या शाळेत मुलांना शिकवी आणि आजाऱ्याच्या घरी जाऊन प्रार्थना करी. केशवरावांनी तिच्याशी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा त्यांच्या आईने, यमुनाबाईंनी, जिवंत मुलाच्या नावाने आंघोळ केली. ही हकिकत केशवराव पुढे कितीतरी वर्षं मित्रांना हसत हसत सांगत.

त्यांचं बायकोवर प्रेम होतं का? होतं, आणि भरपूर होतं. पण ते प्रेम आपण विकत घेतलेल्या जागेवर असतं त्या जातीचं होतं. चारी बाजूंनी कुंपण हवं, आणि सातबारा आपल्या नावावर हवा.

एकदा जेवताना त्यांना एक जुना प्रश्न आठवला. पूर्वी येशूच्या काळातही काही शहाणे लोक होते, त्यांनी तो खुद्द येशूलाच घातला होता. एक बाई, तिचा नवरा मेला, मग दिराशी लग्न, तोही मेला, असे सातही भाऊ झाले. आता सगळे उठल्यावर ही बाई बायको कुणाची? प्रश्न विचारून केशवरावांनी मिशीवर हात फिरवला आणि गंमत पाहत बसले.

सुवार्ताने तव्यावरची भाकरी उलटली.

"कुणाचीच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तिथं नवरा-बायको नसतात."

"मग आपलं काय?"

"आपलं इथलं इथंच. अजून अर्धी वाढू का?"

ती चिडून बोलली नव्हती, टोमणाही मारला नव्हता. बाहेर ऊन आहे असं सांगावं, तसं सांगितलं. केशवराव मोठ्याने हसले, पण ती अर्धी भाकरी त्यांना गेली नाही. त्या दिवसापासून हा गृहस्थ, ज्या जगावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, त्या जगावर जळू लागला.

पुढच्या पावसाळ्यात सुवार्ताला विषमज्वर झाला. ताप उतरेना, केस पुंजक्यांनी हातात येऊ लागले, तेव्हा राहिलेले केस केशवरावांनीच कातरून काढले. घाबरले की ते विनोद करत. "हेच शरीर उठणार ना तुझं?" ते म्हणाले. "हे असं, टकलं?"

"नवं मिळतं," ती डोळे मिटूनच म्हणाली. "केसांसकट."

"आणि मी?"

याचं उत्तर द्यायला ती जागी राहिली नाही. श्रावण संपता संपता ती गेली.

तिला ख्रिस्ती रिवाजाने पुरलं. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, म्हणजे उठून बसली की तोंड उगवतीकडे. इथपर्यंत केशवरावांनी काही हरकत घेतली नाही. पण महिना झाला नाही तोच ते विटा आणि चुना घेऊन हजर झाले. फकिरा मास्तर धावत आला.

"जावईबापू, एक पावसाळा जाऊ द्या वो. आमच्यात माती बसल्याबिगर वज्जं ठेवीत नाय."

"मास्तर, पाया कसा भरायचा ते मला शिकवू नका."

केशवरावांनी स्वतः उभं राहून धुम्मसाने माती ठोकून घेतली. वर चारी कडांनी विटांचा ओटा, मधे मातीचा भराव, ओट्यावर एकसंध शहाबादी फरशी. मास्तराने तिच्यावर क्रूस कोरायला सांगितलं होतं. केशवरावांनी क्रूस कोरला नाही, वचन कोरलं नाही, तारीखसुद्धा नाही. एवढंच कोरलं: सुवार्ता, केशव वैजापूरकर यांची पत्नी. मास्तराने ते वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि तो घरी गेला.

३

बुडबुडा सरकल्यानंतरच्या रविवारी केशवराव सांडू गवंड्याला बरोबर घेऊन आले. सांडू निजामाच्या काळापासून त्यांच्याकडे होता. तोंडाचा फाटका, कामाचा आळशी, पण हाकेला ओ देणारा. त्याने पाणसळ पाहिली, फट पाहिली आणि डोकं खाजवलं.

"मुळी आसंल साहेब. निंबाची मुळी लई वंगाळ. हौदसुदिक उचलिती."

केशवरावांना बरं वाटलं. मुळी म्हणजे कुऱ्हाडीचं काम. डोक्याकडे कमरेएवढा चर खणून झाला, पण मुळी लागली नाही, आणि चर पुन्हा बुजवला. निंब कुंपणापाशी होता आणि त्याची मुळं शहाण्यासारखी खाम नदीकडे, पाण्याकडे गेली होती. मग काळी माती फुगली असेल म्हणावं, तर जमीन सगळी मुरमाड आणि दसऱ्यानंतर पावसाचा थेंब नाही. उधई, वाळवी म्हणावी, तर उधई माती पोखरते, फरशी उचलत नाही. केशवरावांनी एकेक कारण पुढे ओढलं आणि प्रत्येकाला स्वतःच हाकलून लावलं. आजूबाजूच्या साऱ्या कबरी खचलेल्या होत्या. कुठे पाणी साचून खड्डा पडला होता, कुठे क्रूस कलंडला होता. जमिनीने आपलं काम सगळीकडे चोख केलं होतं. चुकारपणा फक्त याच एका जागी होता, आणि ती जागा केशवरावांनी स्वतः ठोकून घेतलेली होती.

"वाजवून बघ," ते म्हणाले.

फरशी खालून भरलेली आहे की पोकळ, हे गवंडी थापीच्या दांड्याने ठोकून ओळखतात. भरीव फरशी बद्द वाजते, पोकळ फरशी घुमते. सांडूने पायाकडे ठोकलं. बद्द. मधोमध ठोकलं. बद्द. डोक्याकडे ठोकलं आणि फरशी रिकाम्या रांजणासारखी घुमली.

"हितं खाली माती नाय साहेब."

"आण इकडे."

केशवरावांनी थापी हिसकावून घेतली आणि त्याच जागी ठोकलं. फरशी घुमली. खात्रीसाठी त्यांनी पुन्हा तिथेच ठोकलं. बद्द.

मनगट वाकडं पडलं असेल. ते वीतभर बाजूला सरकले आणि त्यांनी ठोकलं. घुमली. तिथेच पुन्हा ठोकलं. बद्द. ते परत पहिल्या जागी आले. तिथे आता फरशी पुन्हा घुमत होती.

भर दुपारचं ऊन होतं. निंबावर होले घुमत होते. केशवरावांनी थापी तिसऱ्या जागी नेली, एकदा ठोकलं, आणि दुसऱ्यांदा ठोकायला उचललेला हात तसाच वर धरून ठेवला. खालून कुणी तळवा टेकवावा, ठोकणारा सरकला की तळवाही सरकवावा, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. ते त्यांनी तिथल्या तिथे मोडून काढलं. हवा असते. पोकळीतली हवा दाबली जाते. यावर काहीतरी सिद्धान्त असलाच पाहिजे.

"साहेब," सांडू हळू आवाजात म्हणाला, "मी जरा तंबाकू घिऊन येतो."

तो गेला तो गेलाच. हत्यारांची पिशवी तिथेच टाकून गेला.

४

केशवराव फकिरा मास्तराकडे गेले ते विचारायला नव्हे, हसायला. निदान वाटेभर त्यांनी स्वतःला तसं बजावलं. मास्तर ओट्यावर बाजेवर बसून तूर निवडत होता. जावई आपण होऊन दारात आलेला पाहून त्याची तारांबळ उडाली. चहा आला, बशी पुसून आली.

"मास्तर, ते तुमचं उठणं कधी आहे?"

"ते देवबापालाच ठाव, जावईबापू."

"एखादा आधी उठतो का? गाडीला अवकाश असताना फलाटावर येऊन बसतात काही लोक, तसा?"

"छे वो. कर्णा वाजंल, मंग समदे एकदमच. एकटंदुकटं कसं काय उठंल?"

"आणि उठल्यावर? मागच्या माणसांची ओळख राहते?"

मास्तराने सुपातले खडे एका बाजूला केले. त्याला हसणं कळत होतं. आयुष्यभर लोक त्याला हसतच आले होते. पण आज जावयाच्या आवाजात काहीतरी निराळं होतं.

"हे थोर लोकायला विचारा. मी सातवी शिकलेला मानूस. वळख ऱ्हाती का नाय, मला नाय सांगता यायचं. पर नातं ऱ्हात नाय. समदे एकाच बापाची लेकरं. मी बी तिचा बाप नसंन. तुमी बी..." मास्तर थांबला. "वाईट वाटून घिऊ नका."

"भाकडकथेचं वाईट कोण वाटून घेतो?" केशवराव म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. "चला, तुम्हाला एक मौज दाखवतो."

दफनभूमीत पोचेपर्यंत मास्तर एकटाच बोलत होता. ऊन किती वाढलंय, शाळेचं छप्पर कसं गळतं, गव्हर्मेंटकडून यंदा काही मिळेल का. कबरीपाशी केशवराव हाताची घडी घालून मागे उभे राहिले. फट आता बोटभर झाली होती. म्हातारा गुडघे टेकेल, रडेल, हात वर करून देवाचे आभार मानेल, आणि मग आपण पोट धरून हसू, असा त्यांचा बेत होता. तेवढं हसू त्यांना हवं होतं. त्यावर चार दिवस निघाले असते.

मास्तर वाकला. त्याने फटीपाशी हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"ऊब हाय," तो म्हणाला.

"उन्हाने फरशी तापली आहे."

"फरशीची नाय. आतून येतीया." मास्तर दोन पावलं मागे सरला. "जावईबापू, हे आमच्यात नाय. हे असं सांगितलेलं नाय."

"मग कसं सांगितलंय?"

"मला ठाव नाय. मला बघायचं बी नाय."

तो निघाला. धोतराचा सोगा बाभळीच्या काटेरी कुंपणाला अडकला, तो त्याने फाडून सोडवला आणि मागे वळूनही पाहिलं नाही. केशवराव हसले. कित्येक महिन्यांनी इतके मोठ्याने हसले. जन्मभर ज्याची वाट पाहिली, गावोगाव ज्याची दवंडी पिटली, ते दाराशी आल्यावर हा माणूस मागच्या दाराने पळाला! असले हे विश्वास ठेवणारे!

हसू ओसरलं आणि सगळीकडे शांत झालं. त्या शांततेत फरशीखालून मुरमाचे बारीक खडे ओघळल्याचा आवाज आला. कुणी कूस बदलली, असा तो आवाज होता.

५

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सगळी मंडळी आपापल्या माणसांच्या कबरी साफ करायला येतात. बायका बादल्यांतून चुना कालवतात, पुरुष गवत काढतात, कलंडलेले क्रूस सरळ होतात. दुसऱ्या दिवशी पहाटे मेणबत्त्या लावून उगवतीची प्रार्थना इथेच व्हायची असते, म्हणून हे सगळं.

त्या शनिवारी केशवराव मुकुंदवाडीपलीकडच्या खदानीतून घडीव काळे दगड बैलगाडीत भरून घेऊन आले. एकेका दगडाला चार-चार माणसं लागत होती. ते सगळे त्यांनी फरशीच्या डोक्याकडे रचून घेतले. चुना लावणाऱ्या बायका हात थांबवून पाहत राहिल्या.

"लई जीव व्हता बायकोवर," एकजण म्हणाली. "बघ की, केवढं बांधायलाय!"

केशवरावांनी ते ऐकलं आणि खोडून काढलं नाही. गुत्तेदाराला एकच औषध ठाऊक असतं. काम वर आलं की वजन टाका.

दुपारी मंडळी जेवायला पांगली. केशवरावांनी पाणसळ ठेवली. बुडबुडा रेघ ओलांडून नळीच्या टोकाला जाऊन बसला होता. वरचे दगड जसेच्या तसे होते, एकही हललेला नव्हता, आणि त्या सगळ्यांसकट फरशीची पश्चिमेची कड चार बोटं वर होती.

गाडीवाल्यांबरोबर सांडूही आला होता. तो कप्तानाच्या कबरीपलीकडे उभा होता, तिथून पुढे यायला तयार नव्हता.

"साहेब, उघडून बघू की एकदाचं. हाडं दिसतील अन् मिटंल."

बोलणं सरळ होतं. उघडून पाहा, डोळ्यांनी पाहा, मग बोला: केशवराव जन्मभर लोकांना हेच सुनावत आले होते.  हाडं दिसली तर काहीच अडचण नव्हती. अडचण हाडं दिसली नाहीत तर होती.

"तू जा," ते म्हणाले. सांडूला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

ऊन कलतं झालं. पश्चिमेचा उजेड त्या फटीतून सरळ आत जाऊ लागला. केशवरावांनी रुमाल अंथरला, त्यावर गुडघे टेकले आणि वाकून आत पाहिलं.

त्यांनी ठोकून घेतलेली माती तिथे नव्हती. आत झाडून घेतल्यासारखी मोकळी जागा होती. आणि हात घातला तर लागेल एवढ्या अंतरावर एक डोकं होतं. वरून दिसत होतं तेवढंच: दाट, काळेभोर, ओलसर केस आणि मधोमध सरळ पाडलेला भांग.

हे केस त्यांनी स्वतः कातरले होते. कातरून, गोळा करून, परसात पुरले होते. तिला मूठमाती दिली तेव्हा तिच्या डोक्याला नुसतं पांढरं फडकं होतं. केशवराव पाहत राहिले. भांगाची रेघ हळूच हलली. बाहेर कुणी आल्याची चाहूल लागावी आणि बसल्या जागी मान मागे कलावी, तेवढीच.

ते मागे सरले. ती आहे. ती जिवंत आहे. दुसऱ्या कुणा नवऱ्याने तिथेच नखांनी दगड उकरले असते. केशवरावांच्या मनात पहिला विचार आला तो असा: उठली, की ती माझी नाही.

बायको मेली तेव्हा ते रडले नव्हते. आता त्यांना रडू फुटलं. लाज वाटली तरी ते आवरेना. बाहेर आली तर ती त्या दुसऱ्या जगाची, जिथे कुणाचा सातबारा चालत नाही. खाली राहिली तर ती केशव वैजापूरकर यांची पत्नी, दगडावर कोरलेली. ते उठले, फरशीवर चढले आणि दगडांच्या मधे, तिच्या डोक्याच्या बरोबर वर, मांडी घालून बसले.

६

मंडळी मेणबत्त्या घेऊन पहाटे आली, तेव्हा केशवराव तिथेच बसलेले होते. रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दगडावर बसलेला माणूस उजाडेपर्यंत दगडावरच बसून होता.

गाणं म्हणत येणारी माणसं कुंपणाच्या आत आली आणि एकेकाचा आवाज बंद पडत गेला. पुढे फकिरा मास्तर होता. कालचा दिवसभर तो घराबाहेर पडला नव्हता. आज सणाला यावंच लागलं होतं.

"जावईबापू," तो लांबूनच म्हणाला, "उतरा वो खाली."

"कुणी पुढे यायचं नाही," केशवराव म्हणाले.  "काम चालू आहे. अजून माती बसायची आहे."

त्यांच्या अंगाखाली फरशी हलली. धक्का बसला नाही. झोपेतल्या माणसाची छाती वर येते तशी ती वर आली, आणि परत खाली गेली नाही. दगडांवरची धूळ ओघळली. मेणबत्त्या धरलेली माणसं एक एक पाऊल मागे सरू लागली. कुणी ओरडलं नाही, कुणी प्रार्थनेचा शब्द काढला नाही. जे व्हावं म्हणून हे लोक वर्षानुवर्षं पहाटे उठून इथे गात आले होते, ते होऊ लागलं तसे ते फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. मास्तर सगळ्यांच्या मागे लपला होता.

केशवराव पालथे पडले. हातपाय पसरून त्यांनी दगड कवटाळले आणि गाल फरशीला लावला. खालून रेटा येत होता. त्यात घाई नव्हती, राग नव्हता. दवाखान्यात हट्टी रोग्याला कुशीवर वळवताना सुवार्ता असाच हात लावायची.

"सुवार्ता," ते फटीशी तोंड नेऊन म्हणाले. "मी आहे. केशव. तुझा नवरा."

रेटा थांबला.

केशवरावांनी डोळे घट्ट मिटले. ओळखलं! तिने ओळखलं! साऱ्या शास्त्रांनी, साऱ्या मास्तरांनी काहीही सांगो, तिने आवाज ओळखला आणि ती थांबली. आयुष्यात कशासाठी केली नव्हती एवढी आर्जवं त्यांच्या ओठांवर आली. चूक झाली, म्हणावं. चल घरी, म्हणावं. टकली असतीस तरी चाललं असतं, म्हणावं. पूर्वेकडे निंबाच्या मागे आभाळ तांबडं होऊ लागलं होतं.

खालून, अगदी कानाजवळून, तिचा आवाज आला. तोच आवाज, तीच बोलण्याची ढब. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी ती ज्या मऊ, परक्या अदबीने बोलायची, त्याच अदबीने ती म्हणाली,

"भाऊ, जरा बाजूला व्हता का? उजाडायलंय."

 केशवरावांनी दगडांभोवतीचे हात सोडवले. ते खाली उतरले, चप्पल शोधून पायात घातली आणि कबरीपासून चार हात लांब जाऊन उभे राहिले. दगड एकापाठोपाठ एक कोसळले. फरशी घासत सरकल्याचा आवाज झाला, आणि मग वाळलेल्या पाचोळ्यावरून अनवाणी पावलं आली. परकी बाई जवळून जाताना सभ्य माणसाने घालावी तशी केशवरावांनी मान खाली घातली, आणि ती पावलं त्यांच्यासमोरून पूर्वेकडे निघून गेली तरी वर केली नाही.